काटा खरा, पण चांदीचा कस?

चांदीचा भाव वाढत गेला तसे सराफाच्या काट्याकडे ग्राहकाचे लक्षही वाढले. परंतु चांदीच्या व्यवहारातील मोठे नुकसान वजनात होत नाही. ते शुद्धतेत होते. चांदीसाठी आलेले नवे हॉलमार्क आणि चांदीवरील कर्जाचे नवे नियम यांमुळे हा प्रश्न आता लोणंदसारख्या बाजारपेठेच्या गावातील प्रत्येक घराशी येऊन भिडला आहे.

लोणंदच्या बाजार समितीत कांद्याचे वजन होत असताना शेतकऱ्याची नजर काट्यावरून हलत नाही. तोलाई किती, हमाली किती, वजनात कडता धरला की काय, याचा हिशेब तो जागच्या जागी करतो. इतकेच नव्हे, तर वजनापूर्वी प्रतवारी ठरते, हेही त्याला पक्के ठाऊक असते. मोठ्या कांद्याचा भाव वेगळा आणि गोल्टीचा वेगळा. गोल्टीला मोठ्या कांद्याचा भाव कोणी देत नाही आणि मोठा कांदा गोल्टीच्या भावाने कोणी सोडत नाही. भाव म्हणजे वजन गुणिले प्रत, हे गणित खंडाळा-फलटण पट्ट्यातील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

हाच शेतकरी कांद्याचे पैसे घेऊन सराफ पेढीची पायरी चढतो आणि मुलीसाठी पैंजण किंवा नातवासाठी वाळे घेतो, तेव्हा मात्र या गणितातील अर्धा भाग गळून पडतो. इलेक्ट्रॉनिक काट्यावरचा आकडा ग्रॅमच्या दशांश-शतांशापर्यंत पाहिला जातो, घडणावळीवर घासाघीस होते. परंतु ‘ही चांदी किती टंचाची?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ‘चांदी म्हणजे चांदी’ हे गृहीत धरून व्यवहार पुरा होतो. त्या गृहीतकाची किंमत कळते ती बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षांनी, दागिना मोडीत काढताना.

भाव वाढला, जोखीमही वाढली

चांदी स्वस्त होती तोवर या दुर्लक्षाची किंमतही बेताची होती. २०२५ मध्ये चांदीने किलोमागे १ लाख रुपयांचा टप्पा ओलांडला आणि त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत भाव दीड लाखाच्याही पुढे गेला. जागतिक बाजारात ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदी औंसामागे ५० डॉलरवर गेली. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतील हंट बंधूंच्या साठेबाजीमुळे भाव याच पातळीजवळ पोहोचला होता आणि दोनच महिन्यांत कोसळला होता. या वेळच्या तेजीमागे गुंतवणूकदारांच्या मागणीबरोबरच औद्योगिक मागणीचे पाठबळ होते. जगातील चांदीच्या एकूण मागणीपैकी निम्म्याहून अधिक मागणी आता उद्योगांकडून येते आणि सौर पॅनेल हा त्यातील एक मोठा ग्राहक आहे.

जोखमीचे स्वरूप समजण्यासाठी किलोला १ लाख रुपये, म्हणजे ग्रॅमला १०० रुपये हा सोयीचा भाव धरू. २५० ग्रॅम वजनाचे पैंजण शुद्ध चांदीचे असतील, तर त्यातील धातूची किंमत २५ हजार रुपये होईल. ९२५ शुद्धतेचे असतील तर ती २३ हजार १२५ रुपये, ८०० शुद्धतेचे असतील तर २० हजार रुपये आणि बाजाराच्या भाषेत ६० टंचाचे असतील तर अवघी १५ हजार रुपये होईल. काट्यावर मात्र हे चारही जोड २५० ग्रॅमच भरतील.

आता काट्यातील खोट पाहू. काटा १ टक्क्याने चुकीचा आहे असे मानले, तर ग्राहकाचे नुकसान अडीच ग्रॅमचे, म्हणजे २५० रुपयांचे होते. ६० टंचाचे पैंजण शुद्ध चांदीच्या भावाने गळ्यात पडले, तर नुकसान १० हजार रुपयांचे होते. एक नुकसान दुसऱ्याच्या चाळीस पट आहे. भाव दुप्पट झाला की ही दोन्ही नुकसाने दुप्पट होतात; परंतु ग्राहकाचा पहारा असतो तो लहान नुकसानीवर.

याचा अर्थ वजनाकडे काणाडोळा करावा, असा नाही. २००९ चा वैधमापन कायदा १ एप्रिल २०११ पासून अमलात आला. त्याखालील नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी होऊन त्यावर मुद्रांकन व्हावे लागते आणि मौल्यवान धातूंसाठी भाजीपाल्याचा काटा चालत नाही. अधिक अचूकतेच्या वर्गातीलच काटा वापरावा लागतो. काटा सपाट व स्थिर जागी आहे का, पंख्याच्या वाऱ्यापासून आडोसा आहे का, दागिना ठेवण्यापूर्वी आकडा शून्यावर आहे का आणि पडताळणीचे प्रमाणपत्र दुकानात लावलेले आहे का, एवढे पाहणे प्रत्येक ग्राहकाला शक्य आहे. वजनाच्या बाबतीत कायदा, यंत्रणा आणि ग्राहकाची सवय अशी तिहेरी राखण उभी राहिली. शुद्धतेच्या बाबतीत मात्र चांदीला अशी राखण कधी मिळालीच नाही.

रुपयाने शिकविलेला धडा

एके काळी ती राखण गावाच्या कनवटीलाच असे. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने देशभर एकसारखा चांदीचा रुपया सुरू केला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम होते आणि शुद्धता बारापैकी अकरा भाग, म्हणजे ९१.७ टक्के होती. रुपयाचे वजन आणि एक तोळा यांचा मेळ बसल्यामुळे ‘रुपयाभार’ हे मापच रूढ झाले. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा आणि तोळ्याला ताडून पाहायला हातातला रुपया, असा तो हिशेब होता. राणीछाप रुपया हे एकाच वेळी चलन होते, वजन होते आणि शुद्धतेचा नमुनाही होता. दागिना घडविण्यासाठी सोनाराकडे रुपयेच दिले, तर किती कसाची चांदी दिली हे देणाऱ्याला माहीत असे.

पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, सरकारने रुपयातील चांदी ५० टक्क्यांवर आणली. उरलेल्या भागात तांबे, निकेल आणि जस्त आले. वजन मात्र ११.६६ ग्रॅमच ठेवण्यात आले. तराजूला दोन्ही रुपये सारखेच होते; पण जुन्या रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी होती आणि नव्यात ५.८ ग्रॅम. १९४७ पासून रुपया निकेलचा झाला आणि चांदी चलनातून गेली. ज्यांच्या घरात जुने रुपये अद्याप जपून ठेवलेले आहेत, त्यांनी नाण्यावरील साल पाहिल्यास वजन आणि कस यांतील फरक समजावून सांगण्यासाठी अन्य उदाहरणाची गरज पडणार नाही.

रुपयाबरोबर वजनाचे जुने मापही गेले. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली गेली आणि ग्रॅम आला. लोकांच्या तोंडी मात्र तोळा राहिला आणि बाजाराने तो १० ग्रॅमचा करून टाकला. त्यामुळे आजीच्या काळातील २० तोळ्यांचे वाळे आज काट्यावर ठेवल्यास २३३ ग्रॅमच्या आसपास भरायला हवेत, २०० ग्रॅम नव्हे. जुना दागिना मोडताना ‘वीस तोळ्यांचे दोनशे ग्रॅम’ असा तोंडी हिशेब मान्य करणारे घर ३३ ग्रॅम चांदी काट्यावर न ठेवताच गमावून बसते. वजन नेहमी ग्रॅममध्ये आणि प्रत्यक्ष काट्यावरच करून घ्यावे, ते यासाठी.

टंच, झाळ आणि घट

चांदीत तांबे मिसळणे ही मुळात फसवणूक नव्हे. शुद्ध चांदी मऊ असते. रोज पायात घासल्या जाणाऱ्या पैंजणाला किंवा जोडव्याला ती एकटी टिकत नाही. तिला कठीणपणा देण्यासाठी हीण घालावेच लागते. इंग्लंडमध्ये १३०० मध्येच राजाज्ञेने चांदीच्या वस्तूंसाठी हजारात ९२५ हे प्रमाण ठरले आणि १४७८ पासून लंडनच्या सोनारांच्या मंडळाने आपल्या ‘हॉल’मध्ये वस्तू तपासून शिक्के मारण्यास प्रारंभ केला. ‘हॉलमार्क’ हा शब्द त्यातूनच आला. हीण किती, हे उघड लिहिले की व्यवहार स्वच्छ होतो. ते लपविले की तोच माल हिणकस ठरतो.

दक्षिण महाराष्ट्राला चांदीची ही विद्या परकी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव पैंजण आणि चांदीच्या अन्य दागिन्यांच्या कारागिरीवर उभे आहे आणि तेथील माल देशभर जातो. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातील हजारो कुटुंबे गलाईच्या व्यवसायासाठी घर सोडून देशाच्या कानाकोपऱ्यांत स्थिरावली. केरळ-तामिळनाडूपासून उत्तरेपर्यंतच्या सराफ बाजारांत जुने दागिने वितळवून शुद्ध सोने-चांदी वेगळी करणारा गलाईवाला मराठी बोलणारा भेटतो, तो यामुळेच. नायट्रिक ॲसिडमध्ये चांदी विरघळते, सोने तळाशी राहते. त्या द्रावणात तांब्याचे पत्रे सोडले की चांदी पुन्हा चुऱ्याच्या रूपाने खाली बसते. देशाच्या दागिन्यांत नेमके काय दडलेले असते, हे या मंडळींइतके कोणालाच ठाऊक नसेल.

व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतील व्यवहार म्हणूनच टंचावर चालतो. शंभर भागांत शुद्ध चांदी किती, तो आकडा म्हणजे टंच. घाऊक व्यापारी कारागिराकडून माल घेतो तेव्हा टंच ठरलेला असतो आणि हिशेब शुद्ध चांदीच्या वजनावर होतो. साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत, म्हणजे ग्राहकापर्यंत येताना मात्र हा आकडा बहुधा गळतो आणि बिलावर नुसते ‘चांदी’ एवढेच उरते. त्यात जोडांसाठी वापरलेली झाळ हलक्या कसाची असते. घुंगरांचे अनेक जोड असलेल्या पैंजणात ती अधिक लागते. मोडीच्या वेळी ‘घट’ म्हणून जी कपात होते, तिच्यात हे हीण, ही झाळ, मळ आणि व्यापाऱ्याचा नफा असे सारे एकत्र बांधलेले असते. यातील कशासाठी किती कापले, हे विचारण्यासाठी ग्राहकाच्या हातात खरेदीच्या वेळचा आकडाच नसतो. कांद्याच्या पट्टीतील प्रत्येक कपातीचा जाब विचारणारा माणूस येथे निरुत्तर होतो, तो केवळ कागदाअभावी.

कस लागतो कसा?

शुद्धता पाहण्याचे मार्ग अनेक आहेत. प्रत्येकाला मर्यादा आहे. कसोटीच्या दगडावर ओढलेल्या रेघेवरून अनुभवी सराफ अंदाज बांधतो. पण तो अंदाजच असतो. त्यातही एक मेख आहे. हलक्या चांदीचा दागिना ॲसिडमध्ये उजळला की वरच्या थरातील तांबे निघून जाते आणि पृष्ठभागावर शुद्ध चांदीची पातळ साय राहते. रेघ त्या सायीची उमटते, आतल्या धातूची नव्हे. मुलाम्याच्या बाबतीतही हेच घडते.

क्ष-किरणांवर चालणारे तपासणी यंत्र मिनिटभरात आकडा देते आणि दागिन्याला इजाही करत नाही. परंतु ते किरण धातूच्या अगदी वरच्या थराचीच माहिती आणतात. त्यामुळे यंत्राचा आकडा ही पहिली चाळणी म्हणता येईल, अंतिम निवाडा नव्हे. अंतिम निवाडा प्रयोगशाळेतील रासायनिक परीक्षणानेच होतो. त्यासाठी दागिन्याचा लहानसा तुकडा विरघळवून त्यातील चांदी मोजावी लागते.

काटा आणि कस एकमेकांना भेटतात ते पाण्यात. आर्किमिडीजच्या नावावर असलेली युक्ती आजही तितकीच खरी आहे. शुद्ध चांदीची घनता १०.४९ आहे, तांब्याची ८.९६. अडीचशे ग्रॅमचा शुद्ध चांदीचा भरीव तुकडा पाण्यात लोंबकळत ठेवून तोलल्यास तो सुमारे २२६.२ ग्रॅम भरेल. ६० टक्के चांदी आणि ४० टक्के तांबे असलेला तुकडा सुमारे २२४.५ ग्रॅम भरेल. एवढ्याशा फरकावरून १० हजार रुपयांचा निर्णय करायचा, तर काटा किती अचूक हवा, हे निराळे सांगायला नको. पोकळ घुंगरांत हवा अडकली किंवा आत शिशासारखा जड धातू दडविलेला असला, की हाही हिशेब फसतो. लग्नघाईत दुकानात बसलेल्या ग्राहकाने हे सारे करावे, ही अपेक्षाच व्यवहार्य नाही. तपासणी त्रयस्थाने करावी आणि तिचा निकाल दागिन्यावरच लिहिलेला असावा, ही हॉलमार्कमागील कल्पना त्यामुळेच महत्त्वाची ठरते.

नवी खूण, नवे कर्ज

भारतीय मानक ब्युरोने सोन्यासाठी हॉलमार्क २००० मध्ये आणि चांदीसाठी २००५ मध्ये सुरू केला. सोन्याच्या बाबतीत जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्ती आली आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अंकाक्षरांच्या विशिष्ट ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकण्यास मनाई झाली. चांदीसाठी ओळख क्रमांकाची हीच पद्धत १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली. मात्र ती ऐच्छिक ठेवण्यात आली. त्याच वेळी ८००, ८३५, ९२५, ९७०, ९९० अशा पूर्वीच्या श्रेणींच्या जोडीला ९५८ आणि ९९९ या दोन नव्या श्रेणी आल्या. दागिन्यावर ब्युरोची खूण व ‘सिल्व्हर’ हा शब्द, शुद्धतेचा आकडा आणि ओळख क्रमांक अशा तीन गोष्टी असतात. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपमध्ये टाकला, की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफ आणि तपासणी केंद्र यांची नोंद समोर येते. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी भरल्यास तुटीच्या रकमेची दुप्पट भरपाई व तपासणीचा खर्च मागण्याचा अधिकार ब्युरोच्या २०१८ च्या नियमांनी ग्राहकाला दिला आहे.

या यादीत ६० किंवा ७० टंचाला जागाच नाही, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. ८०० च्या खाली हॉलमार्क मिळत नाही. म्हणजेच बाजारातील हलक्या कसाचा माल या व्यवस्थेच्या बाहेर आहे आणि नेमके त्याच मालाचे ग्राहक सर्वांत अल्प उत्पन्नाचे आहेत.

दुसरा बदल रिझर्व्ह बँकेचा. ६ जून २०२५ च्या निर्देशांनी सोन्याबरोबर चांदीचे दागिने आणि नाणी यांच्या तारणावर कर्ज देण्याची एकसमान चौकट घालून दिली आणि ती अमलात आणण्यासाठी १ एप्रिल २०२६ पर्यंतची मुदत दिली. एका कर्जदाराला १० किलोपर्यंत चांदीचे दागिने आणि ५०० ग्रॅमपर्यंत चांदीची नाणी तारण ठेवण्याची मर्यादा त्यात आहे. अडीच लाख रुपयांपर्यंतच्या उपभोग कर्जासाठी तारणाच्या मूल्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. कर्जदाराच्या समक्ष परीक्षण, एकूण वजन, निव्वळ वजन, शुद्धता आणि कपातींचा लेखी दाखला हे या चौकटीचे गाभ्याचे कलम आहे.

पेरणीच्या दिवसांत किंवा कांद्याचा भाव पडलेला असताना घरातील चांदीवर पैसे उभे करता येणे, हा ग्रामीण कुटुंबांसाठी मोठा आधार आहे. परंतु वर धरलेल्या भावाने २५० ग्रॅम शुद्ध चांदीवर २१ हजार २५० रुपये मिळू शकतात आणि ६० टंचाच्या तेवढ्याच वजनावर १२ हजार ७५० रुपये. पेटीत किती वजन आहे हे घराला माहीत असते. किती चांदी आहे, हे आता बँकेच्या टेबलावर प्रथमच कळणार आहे. अनेक घरांसाठी तो क्षण सुखद नसेल.

सक्ती की सवय?

चांदीलाही हॉलमार्कची सक्ती करावी, ही मागणी या पार्श्वभूमीवर स्वाभाविक आहे. तिच्या विरोधातील युक्तिवादही पोकळ नाहीत. जोडवी, मासोळ्या यांसारख्या काही ग्रॅमच्या नगांवर तीन खुणा कोरणे अवघड आहे. हवेतील गंधकाच्या संयुगांनी चांदी काळी पडते, घासून उजळावी लागते आणि त्यात लेझरने कोरलेला क्रमांक पुसट होऊ शकतो. सोन्याच्या एका नगाच्या तुलनेत चांदीच्या नगाची किंमत कमी असल्याने तपासणीचा खर्च अधिक जाणवतो. घरोघरी काम करणाऱ्या हुपरीतील कारागिराला आणि तालुक्याच्या गावातील लहान सराफाला माल दूरच्या केंद्रात नेऊन आणण्याचा भुर्दंड पडतो, तो वेगळाच.

या अडचणींवर सोन्याच्या अनुभवातून मार्ग काढता येतो. तेथे सक्ती एका रात्रीत आली नाही. जिल्हे टप्प्याटप्प्याने जोडले गेले, २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे दागिने वगळले गेले आणि वर्षाला ४० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफांना सूट मिळाली. चांदीसाठीही ठरावीक वजनावरील पैंजण, कमरपट्टे, भांडी आणि देवघरातील मूर्ती यांपासून आरंभ करता येईल. केंद्रांचे जाळे तालुक्यापर्यंत नेणे ही त्याची पूर्वअट असली पाहिजे. अन्यथा सक्ती शहरातील मोठ्या पेढ्यांच्या सोयीची आणि गावच्या सराफाच्या मुळावर येणारी ठरेल.

त्याआधी एक पाऊल लगेच उचलता येण्याजोगे आहे आणि त्याला यंत्र लागत नाही. चांदीच्या प्रत्येक बिलावर निव्वळ वजन, शुद्धतेचा आकडा आणि घडणावळ या तीन गोष्टी स्वतंत्र लिहिल्या जाव्यात. दागिना हॉलमार्कचा नसला तरी टंच लिहिण्यास कोणाची आडकाठी नाही. ६० टंचाचा माल ६० टंच म्हणून, त्याच्या रास्त भावाने विकणे हा प्रामाणिक व्यवहारच आहे आणि हलकी चांदी घेणाऱ्या गरीब ग्राहकाला त्याचीच सर्वाधिक गरज आहे. प्रामाणिक सराफाचे यात नुकसान नाही. उलट शेजारच्या दुकानात तेच वजन स्वस्त का मिळते, याचे उत्तर देण्याची सोय त्याला प्रथमच होईल.

दर आषाढीच्या वाटेवर ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून लोणंदला मुक्कामी येते. चांदीच्या पादुकांवर माथा टेकविणाऱ्या वारकऱ्याने त्यांचा कस विचारण्याचे कारण नाही. तेथे भाव वेगळा आहे. बाजाराचे तसे नाही. बाजारात श्रद्धेने घेतलेली वस्तू हिशेबाने विकावी लागते. कांद्याची प्रत पाहिल्याशिवाय भाव न सांगणाऱ्या गावाने चांदीचीही प्रत विचारायला सुरुवात केली, तर कायद्याची वाट पाहण्याची वेळ फार थोड्यांवर येईल.